लोखंडाच्या गावची गिटार

घुग्घूस, माजरी, बल्लारपूर, दुर्गापूर ही नावं चंद्रपूरकराच्या तोंडी कोळशासोबतच येतात. वेकोलिच्या खाणी, 2,920 मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल, गडचांदूर-आवारपूरकडचे सिमेंट कारखाने; आणि 1982 मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात सुरजागडचं लोहखनिज. जंगलाचे जिल्हे ही आपली ओळख खरीच, पण पाळीच्या भोंग्यावर दिवस मोजणारी घरंही इथे पुष्कळ आहेत. अशाच कोळसा-लोखंडाच्या मुलखात वाढलेल्या चार पोरांचा पहिला अल्बम आपल्या वाचकांना ऐकवावा, म्हणून हा लेख.

मुलूख इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. तिथल्या ॲस्टन या कामगार वस्तीत टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड आणि ऑझी ऑस्बॉर्न वाढले. ऑझीची आई मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या लुकास कारखान्यात कामाला होती. तो स्वतः काही काळ त्याच कारखान्यात हॉर्न तपासत असे, नंतर कत्तलखान्यात राबला. या चौघांच्या बॅण्डचं आधीचं नाव 'अर्थ'. 1969 मध्ये ते बदलून 'ब्लॅक सबाथ' झालं, आणि त्याच नावाचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 रोजी, शुक्रवारी, बाजारात आला.

या अल्बमचा आवाज समजून घ्यायचा तर आयोमीच्या बोटांकडे पाहावं लागतं. तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. नोकरी सोडण्याच्या शेवटच्याच दिवशी यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. वाजवणं संपलं असंच त्याला वाटलं. तेव्हा कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाल्यावरही युरोपातल्या जॅझमध्ये अव्वल ठरलेला हा गिटारवादक. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यावर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा त्या टोपणांनी दाबता येईनात, म्हणून बँजोच्या पातळ तारा गिटारला लावल्या. एका कामगाराने आपलं वाद्य आपल्या जखमेच्या मापाने पुन्हा घडवलं. माझ्या मते हार्ड रॉकच्या इतिहासातली ही सर्वात मोठी घटना आहे, कोणत्याही मैफलीपेक्षा मोठी.

कारण त्यातून वाजवण्याची रीतच बदलली. गिटारवरचा पूर्ण कॉर्ड पाच-सहा तारांचा, त्यात षड्ज, गंधार, पंचम असे तिन्ही स्वर येतात. आयोमीने भर दिला तो दोन-तीन तारांच्या आटोपशीर कॉर्डवर: फक्त षड्ज आणि पंचम, गंधार गाळलेला. वादक त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर रेटला की आवाज फाटतो, मूळ स्वराभोवती नवे उपस्वर उभे राहतात. अशा फाटलेल्या आवाजात गंधार गढूळ होतो, पण षड्ज-पंचम मात्र भरभक्कम टिकतात. बर्मिंगहॅमच्याच लेनी कंपनीचे ॲम्प, गिब्सन एसजी गिटार, आणि तीच चाल खालच्या सप्तकात धरून ठेवणारा बटलरचा बास. दोघे मिळून एकच जाड भिंत उभी करतात.

ध्वनिमुद्रण ऑक्टोबर 1969 मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत झालं, साधारण बारा तासांत. निर्माता रॉजर बेन. एवढ्या घाईत अल्बम होऊ शकला, कारण गाणी आधीच रियाजात पक्की होती. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये हा बॅण्ड एकेका दिवसात कित्येक फेऱ्या वाजवत असे. स्टुडिओत त्यांनी रंगमंचावरचाच क्रम धरला, आणि ऑझीही वादकांसोबतच गायला. आयोमीने सुरुवात फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर केली, पण एकच गाणं झालं आणि तिचा पिकअप बिघडला. जवळ असलेली एसजी त्याने उचलली आणि काम पुढे नेलं. पुढे हीच एसजी त्याची ओळख बनली.

आता पहिलं गाणं. अल्बमच्या, बॅण्डच्या आणि गाण्याच्या नावात फरक नाही. पाऊस पडतोय, ढग गडगडतात, दूर कुठे चर्चची घंटा वाजते. हे आवाज मागाहून, मिश्रणाच्या वेळी घातलेले. मग तीन स्वर. खालचा षड्ज, वरचा षड्ज, आणि तिथून उतरून तीव्र मध्यम. आपल्याकडे तीव्र मध्यम यमनमध्ये किती गोड लागतो, कारण पंचम शेजारीच त्याला सामावून घ्यायला असतो. इथे पंचम नाही, गंधार नाही. उघड्या षड्जासमोर तीव्र मध्यम ताटकळत ठेवलाय, आणि आयोमी त्यावर बोट हलवत तो थरथरवत राहतो. युरोपच्या जुन्या संगीतशास्त्रात या अंतराला सैतानाशी जोडलं होतं. बटलर होल्स्टची 'मार्स' ही वाद्यवृंद रचना वाजवून पाहत होता, त्यातून ही चाल सुचली असं बॅण्डनेच सांगितलं आहे. लय अतिविलंबित. वॉर्ड ड्रमवर मोकळी जागा सोडतो, आणि ती मोकळी जागाच जास्त घाबरवते. शेवटच्या दीड-दोन मिनिटांत गाणं अचानक द्रुत होतं. विलंबितानंतर द्रुत ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानांना ही बांधणी परकी वाटायचं कारण नाही.

पुढे 'द विझर्ड'मध्ये ऑझीचा माउथ ऑर्गन गिटारशी सवाल-जवाब करतो. 'एन.आय.बी.' बटलरच्या एकट्या बासने उघडतं, आणि मग जी चाल येते ती एकदा ऐकली की आठवडाभर डोक्यातून जात नाही. 'इव्हिल वुमन' हे दुसऱ्या बॅण्डचं गाणं, अल्बममध्ये सर्वात कमकुवत. 'वॉर्निंग'ही मुळात दुसऱ्यांचं, पण त्यात आयोमीने लांबलचक एकलवादन करून ते पार आपलंसं केलंय. काही ठिकाणी ते भरकटतं, तरी ऐकावं. पहिल्याच अल्बममध्ये इतका वेळ स्वतःला देण्याचं धैर्य त्यात आहे.

समीक्षकांनी तेव्हा अल्बम झोडपला. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्जने त्याची पार रेवडी उडवली. लोकांनी मात्र तो ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर नेला. पुढच्या हेवी मेटलचा पाया या अडतीस मिनिटांत घातला गेला, हे आज सर्वमान्य आहे.

महाराष्ट्रात हा आवाज मुंबईमार्गे आला. 1984 मध्ये तिथे 'रॉक मशीन' उभं राहिलं. महेश तिनईकरची गिटार, उदय बेनेगलचा गळा. बाहेरच्यांची गाणी वाजवण्यावर न थांबता त्यांनी स्वतःची इंग्रजी गाणी रचली आणि 1988 मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा पहिला अल्बम काढला. 1993 मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं.

आणि आपल्याकडे? दिवाळी झाली की वडसा गजबजतं. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या गावोगावी निघतात, मंडईच्या दिवसांत रात्रभर प्रयोग चालतो आणि वादक थेट, समोर बसून, पहाटेपर्यंत साथ करतात. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. हॅम्बुर्गच्या क्लबने सबाथला जी तालीम दिली, तशीच तालीम आपल्या वादकांना दर हिवाळ्यात मिळते. रात्रभर वाजवण्याचा दम त्यांच्याकडे आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावतीत गणपती-दुर्गोत्सवात ऑर्केस्ट्रा गाजवणाऱ्या पोरांकडे गिटार आहे, ऑक्टोपॅड आहे, आणि खिशात ध्वनिमुद्रण करू शकणारा मोबाइलही आहे.

त्या पोरांना माझं एक सांगणं आहे. हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका; मोठ्या स्पीकरवर, मधे न थांबता, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. मग तुमची स्वतःची जी चार-पाच गाणी तालमीत पक्की झाली असतील, ती येत्या हंगामात एका दिवसात, सगळ्यांनी एकत्र वाजवून मुद्रित करा. भाषा मराठी असो, झाडीबोली असो की गोंडी, गिटारला तिन्ही चालतात.