निशाणी नांगर

जुन्या महजराच्या, म्हणजे निवाडापत्राच्या, तळाशी सह्या कमी, चित्रेच जास्त. पाटलाच्या नावापुढे नांगर, शेट्याच्या नावापुढे तराजू. घराण्याचा माग काढत पुण्यात आलेला माणूस आज ना उद्या या नांगरापाशी पोचतो आणि तिथेच फसतो. नांगर आडनावाचा नसतो, पाटिलकीचा असतो. निम्मी पाटिलकी विकली की मानपानही वाटला जाई; आधी नांगर कोणी काढायचा, यावरून तंटे होत.

इंग्लंडातली रीत वेगळी. तिथे ढालीवरचे चिन्ह मूळ धारकाच्या वंशजांकडे, मुख्यतः मुलग्यांच्या शाखेतून जाते. १४८४ साली स्थापन झालेले कॉलेज ऑफ आर्म्स त्याचे दफ्तर सांभाळते. १५३० ते १६८८ या काळात तिथले अधिकारी परगणे फिरून जमीनदारांच्या वंशावळी तपासत. भाऊ नसलेल्या मुलीच्या माहेरचे चिन्ह तिच्या मुलांच्या ढालीत बसे, त्यामुळे जाणकाराला ढालीवरून सोयरिकी वाचता येतात. शेक्सपिअरच्या वडिलांना चिन्ह मिळाले १५९६ साली. त्याच वर्षी कवीचा एकुलता मुलगा हॅम्नेट वारला आणि कवीची मुलग्यांची शाखा खुंटली. आज कुणा शेक्सपिअरने ते चिन्ह चहाच्या कपावर छापून घेतले, तरी नाते सिद्ध होत नाही. आपल्याकडे गाडीच्या काचेवर शिवरायांची अष्टकोनी राजमुद्रा लावणाऱ्यांनाही हे सांगायला हरकत नाही, पण सांगणार कोण?

पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव, मग पेशव्याचे. शाहू महाराज १७४९ साली वारले आणि शिक्क्यात नवे छत्रपती राजाराम आले. तारीख फाटलेल्या कागदाचा काळ ठरवायला एवढा धागा पुरतो. पेशव्याची वंशावळ मात्र त्यातून निघत नाही.

ती निघते भांडणांतून. मराठी घराण्यांच्या पिढ्या कागदावर उतरल्या त्या बहुधा अभिमानापोटी नव्हे, हक्क शाबीत करायला. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि मुंबई इलाख्यातल्या इनामदारांना पुरावे मांडावे लागले. मूळ सनद कोणाला, त्याचे मुलगे किती, दत्तक कोण, वाटणी कधी झाली, सगळे लिहून द्यायचे. लोक कमिशनवर संतापले. संशोधकांची मात्र सोय झाली. पेशवे दफ्तराच्या १८९१च्या इमारतीत रुमालांमध्ये बांधलेले हे मोडी कागद आजही आहेत. खासगी वाड्यांतले दप्तर गोळा करण्याचे काम इतिहासकार राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने केले. पण हे कागद लिहिणाऱ्याला दावा जिंकायचा होता, हे वाचताना विसरू नये. गैरसोयीचा चुलता वंशावळीतून सहज गळतो. म्हणून नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीशी ताळा घ्यावा. यात्रेकरूने तिथे नावे सांगितली ती वाटणीसाठी नव्हे.

कुळाचे चिन्ह मानलेल्या देवकावर फार विसंबू नये. कळंब किंवा पंचपल्लव अनेक कुळांत सापडते. सोयरीक जुळवताना ते पाहतात, पण त्यावरून पणजोबा मिळत नाही.

इंग्रजी रीतीची खरी ढाल मिळवणारे घराणेही पुण्याच्या ओळखीचे आहे. मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्याला पैसे देणारे जमशेटजी जीजीभाई १८५७ साली बॅरोनेट झाले. पुढे किताबाच्या प्रत्येक वारसाने त्यांचेच नाव घ्यावे, असे कायद्याने ठरले. त्यामुळे या घराण्याचे कागद चाळणाऱ्याला आधी तारीख पाहावी लागते, मगच कोणते जमशेटजी ते उमगते.