पिवळ्या रेषेच्या मागावर

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ नावाचे ओटे आहेत. हेलियमचा शोध याच ओट्यांवरून लागला असं गावात अभिमानाने सांगतात, आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो. कागदोपत्री इतिहास जरा वेगळा आहे. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट फ्रेंच संशोधक जान्सेन यांनी टिपला तो गुंटूरहून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून त्या ज्वाळांच्या प्रकाशातली एक पिवळी रेषा पकडली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या अगदी शेजारी, पण त्यांच्याशी न जुळणारी. हीच हेलियमची रेषा. लॉकियर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी इथे कॅमेरे मांडले. त्याच दिवशी पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बीण लावून बसले होते.

तारखा अशा सरळ केल्याने विजयदुर्गाचं काही कमी होत नाही. तीन वर्षं आधी, १८९५मध्ये, रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडला होता. म्हणजे इथे आलेले लोक आता ओळखीच्या झालेल्या वायूची सूर्यावरची वस्ती पाहत होते. सूर्याच्या जळण्याशी त्याचं काय नातं आहे, याचं उत्तर मात्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

ते १९२०पासून हाती येऊ लागलं. हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हेलियमचा एक अणू सुमारे ०.७ टक्क्याने हलका भरतो, हे ॲस्टन यांनी मोजून दाखवलं. हरवलेलं वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडत असणार आणि सूर्य त्यावरच जळत असणार, असं एडिंग्टन यांनी लगोलग मांडलं. लॉकियर यांची पिवळी रेषा ज्या वायूची, तोच या भट्टीची राख होता.

ती भट्टी जमिनीवर पेटवायची कल्पना जगापुढे उघडपणे मांडली ती एका मुंबईकराने. ऑगस्ट १९५५मध्ये जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना होमी भाभांनी भाकीत केलं, की येत्या दोन दशकांत संमीलनाची, म्हणजे हलके अणुगर्भ जोडून मिळणारी, ऊर्जा काबूत आणण्याची रीत सापडेल. अमेरिका, ब्रिटन, रशिया यांचं या विषयावरचं काम तेव्हा कडीकुलपात होतं. भाभांचा अंदाज चुकला, हे सगळेच सांगतात. त्यांच्या बोलण्यानंतर तीनच वर्षांत, १९५८मध्ये, त्याच जिनिव्हात ही कुलपं उघडली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अडचण साठवणीची होती. सूर्याला त्याचं स्वतःचं वजन पुरतं. पृथ्वीवर कोट्यवधी अंश तापलेला प्लाझ्मा कुठल्याच भांड्यात ठेवता येत नाही, भिंतीला लागला की तो थंड पडतो. पण प्लाझ्मातले कण विद्युतभारित असतात आणि चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत राहतात. रशियाच्या साखारोव्ह आणि टॅम यांनी १९५०च्या सुमारास सुचवलं, की या रेषाच कंकणासारख्या वळवाव्यात आणि प्लाझ्मातून वीजप्रवाह सोडून त्यांना पीळ द्यावा. हाच टोकामॅक. १९६८च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या ग्रहणाला बरोबर शंभर वर्षं होत असताना, नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत रशियनांनी टी-३ यंत्रातलं तापमान एक कोटी अंशांच्या घरात असल्याचं सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ स्वतःचा लेसर घेऊन मॉस्कोला गेले, प्लाझ्मातून विखुरलेला प्रकाश मोजला आणि रशियनांचा आकडा खरा ठरला.

भारतात हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत १९८२मध्ये सुरू झालं आणि १९८६मध्ये त्यातून गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक प्रेधिमन कृष्ण काव. १९८९मध्ये तिथे ‘आदित्य’ चालू झाला. कंकणाची त्रिज्या जेमतेम पाऊण मीटर, एकेक स्पंद सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. खिडकीतून पाहिलं तर गुलाबी चमक फक्त कडेला दिसते. मधला प्लाझ्मा डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, कारण तिथे हायड्रोजनच्या अणूजवळ इलेक्ट्रॉनच उरलेला नसतो, मग रेषा कुठून येणार? याच कडेवर ‘आदित्य’च्या मंडळींनी प्लाझ्माच्या खळबळीचा अभ्यास केला आणि तिथली गळती संथ न होता उसळ्या घेत होते, हे दाखवलं. एवढ्या लहान यंत्राची ही कमाई मी मोठी मानतो. तिथल्याच अतिसंवाहक चुंबकांच्या एसएसटी-१ या टोकामॅकमध्ये पहिला प्लाझ्मा आला तो २०१३मध्ये.

तोवर भारत फ्रान्समधल्या आयटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅक प्रकल्पात उतरला होता. डिसेंबर २००५मध्ये आपल्याला प्रवेश मिळाला तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर होते. आयटरला वेढणारं, ३,८५० टन वजनाचं आणि जवळपास तीस मीटर उंचीचं क्रायोस्टॅट, म्हणजे थंडी राखणारं निर्वात पात्र, गुजरातमधल्या हझीरामध्ये तुकड्या-तुकड्यांनी घडवलं गेलं. त्याचा तळ मे २०२०मध्ये जागेवर बसला. आत दहा-पंधरा कोटी अंशांचा प्लाझ्मा आणि काही मीटरवर उणे २६९ अंशांची चुंबकं. ती थंड ठेवायला द्रवरूप हेलियमच लागतो.

विजयदुर्गाच्या उत्तरेला, राजापूर तालुक्यातल्या माडबनला अणुप्रकल्प येणार म्हणून लोक वर्षानुवर्षं झगडले. त्यामुळे कोकणात ‘अणू’ म्हटलं की प्रश्न येणारच, आणि यायलाच हवेत. संमीलनात साखळी अभिक्रिया नसते. इंधन तुटलं किंवा प्लाझ्मा बिघडला की भट्टी आपोआप विझते. पण वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने यंत्राच्या भिंती किरणोत्सारी होतात आणि इंधनातलं ट्रिटियमही किरणोत्सारी असतं. हे दडवून कुणाचं भलं होणार नाही.

ब्रिटनमधल्या जेट टोकामॅकने २०२३मध्ये, बंद होण्याआधी, एका स्पंदात ६९ मेगाज्यूल संमीलन-ऊर्जा दिली. घातलेल्या ऊर्जेपेक्षा ती कमीच होती. आयटरचं नवं वेळापत्रक २०२४मध्ये आलं: संशोधन २०३४मध्ये, ड्युटेरियम-ट्रिटियम इंधन २०३९मध्ये. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ मिळत नाही आणि सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं, म्हणून ते भट्टीतच लिथियमवर न्यूट्रॉन आदळून तयार करावं लागेल. गांधीनगरमध्ये त्यासाठी शिसं-लिथियमच्या आवरणावर काम चालू आहे. असं आवरण अजून एकाही टोकामॅकमध्ये चालवून पाहिलेलं नाही.