औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा शासकीय निधी : अनुदान आणि कर्ज

भारतात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली केंद्र शासनाने सुरू केली. १९५६ मध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे (आयटीआय) दैनंदिन प्रशासन राज्यांकडे गेले. त्या वेळी खर्चाचा ६० टक्के भार केंद्राने व ४० टक्के राज्यांनी उचलावा, असे ठरले. १ एप्रिल १९६९ पासून आर्थिक नियंत्रणही राज्यांकडे आले. परिणामी अभ्यासक्रम व मानके केंद्राची, तर इमारत, यंत्रे आणि वेतन राज्याचे, अशी विभागणी रूढ झाली. जे यंत्र शिकवावे असे एकाने ठरवायचे, ते विकत दुसऱ्याने घ्यायचे!

या पार्श्वभूमीवर २००७-०८ मध्ये १३९६ शासकीय संस्थांच्या उन्नयनासाठी सार्वजनिक-खाजगी भागीदारीची योजना आली. तिचा निधी अनुदानरूप नव्हता. प्रत्येक संस्थेमागे २.५ कोटी रुपयांपर्यंतचे बिनव्याजी कर्ज केंद्राने दिले. तेही राज्याला नव्हे, तर उद्योग-भागीदाराच्या अध्यक्षतेखालील, सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्था व्यवस्थापन समितीला. पहिली दहा वर्षे परतफेड नाही. त्यानंतर वीस वर्षांत समान वार्षिक हप्ते. पूर्ण रक्कम उचललेल्या समितीचा हप्ता साडेबारा लाख रुपये होतो. संस्थेची मालकी व नियमित कर्मचाऱ्यांचे वेतन राज्याकडेच राहिले. समितीला मिळाला तो मुख्यतः २० टक्क्यांपर्यंत प्रवेश ठरविण्याचा अधिकार आणि खर्चाची मर्यादित स्वायत्तता.

अनेक ठिकाणी या रकमेचा मोठा भाग मुदत ठेवींत पडून राहिला. त्याबद्दल समित्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु कर्जदार म्हणून त्यांचे वर्तन तर्कसंगतच होते. ठेवीवर व्याज मिळते व कर्जावर द्यावे लागत नाही. याउलट लेथ किंवा वेल्डिंग यंत्र घेतले, तर दरवर्षी त्याची किंमत घटते आणि हप्ता मात्र कायम राहतो. अल्प शुल्काच्या संस्थेत तो भरून काढणारे उत्पन्न कोठून येणार? अनुदान खर्च करण्यास भाग पाडते, कर्ज जपण्यास शिकविते. हा भेद योजनेच्या रचनेतच होता.

मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ६०,००० कोटी रुपयांच्या योजनेत १००० शासकीय संस्थांसाठी केंद्राचा वाटा ३०,००० कोटी, राज्यांचा २०,००० कोटी व उद्योगांचा १०,००० कोटी रुपये ठरला. उद्योगाकडून आता केवळ अध्यक्षपद नव्हे, तर पैसाही अपेक्षित आहे. शिल्प निदेशकांची नियमित पदे भरण्याची जबाबदारी मात्र राज्यांकडेच आहे, आणि नवे यंत्र चालवून दाखविणारा निदेशक यंत्राच्या खरेदीबरोबर येत नाही.