घेतलेले नाव, कमावलेला सूर

अनुकरण हा कलेतील पहिला गुरू खरा; परंतु त्याच्या घरी किती काळ राहावे, हा प्रश्न प्रत्येक शिष्यास केव्हा ना केव्हा सोडवावा लागतो. गोव्यातील एका ट्रंपेटवादकाने तो कसा सोडविला, हे वाचकांनी अवश्य जाणून घ्यावे.

आंतोनियो झेवियर वाझ ह्यांचा जन्म १९१६ साली बार्देशातील हळदोणे गावी झाला. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपी शिकवीत, आणि पुढे त्यांपैकी कित्येक तरुण पोटासाठी मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत शिरत. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णी वादकांचे ताफे येऊ लागले. त्यांच्या जाझ संगीताचे एक मूळ म्हणजे ब्लूज. गुलामगिरीतून सुटलेल्या, पण अपमानातून न सुटलेल्या लोकांनी त्यात आपली व्यथा गाइली. त्यातील गांधार व निषाद शुद्ध आणि कोमल ह्यांच्यामध्ये कोठेतरी घुटमळतात. श्रुतिभेद जाणणाऱ्या आपल्या कानांस ही गोष्ट परकी वाटू नये.

ह्या परंपरेतील थोर वादक लुई आर्मस्ट्राँग ह्यांस वाझ ह्यांनी मनोमन गुरू केले. एकलव्याने द्रोणाचार्यांस डोळ्यांनी पाहिले तरी होते. ह्यांचे द्रोणाचार्य ग्रामोफोनच्या तबकडीत! त्यांनी 'चिक चॉकलेट' हे रंगनाम धारण केले, गुरूचा घोगरा आवाज आणि रंगमंचावरील ऐट उचलली, आणि लोक त्यांस मुंबईचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

हा केवळ बहुरूपीपणा नव्हे काय, असे कोणी विचारील. परंतु बालगंधर्वांनी शालू नेसला म्हणून त्यांचे गाणे उसने ठरले नाही. सोंग हे प्रवेशद्वार होय. आत घर स्वतःचेच बांधावे लागते.

ते घर चित्रपटसंगीतात उभे राहिले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, ह्यांस पाश्चात्त्य लयीची ओढ होती. ह्या दोघांच्या सहकार्यातून, भगवान पालव ह्यांच्या १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटात, मराठी कानाची चाल आणि गोव्याची फुंक एकजीव झाली. चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह त्यात पडद्यावरही दिसतात. तथापि चाली स्वरलिपीत उतरविणारे, त्यांस वाद्यमेळाची जोड देणारे गोमंतकीय वादक बहुधा अनामच राहिले. चिक चॉकलेट १९६७ साली, पन्नाशीच्या घरात, निवर्तले.

आमच्या हातकणंगल्याच्या बाजूस वरातीत बँडवाले जुन्या चित्रपटांतील चाली वाजवितात, तेव्हा ऐकणाऱ्यांस संगीतकाराचे नाव ठाऊक असते. ट्रंपेट ज्याने प्रथम फुंकला, त्याचे क्वचितच.

घरातील एखादा मुलगा आज भ्रमणध्वनीवर ऐकून परदेशी गवयाची नक्कल करू लागला, तर वडीलधाऱ्यांनी त्यास हसू नये. त्याने नक्कल मन लावून करावी, आणि ज्याची केली त्याचे नाव कृतज्ञतेने घ्यावे, एवढेच त्यास सांगावे. स्वतःचा सूर पुढे रियाजाने सापडतो.