अर्ध्या मिनिटात पायांची झडती

६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस पळत होता. वेळ लागली ८ मिनिटे ११.२० सेकंद. सुवर्ण हुकलं ते अवघ्या ०.०५ सेकंदाने! पण खरा अचंबा पुढेच आहे. आठ मिनिटं छातीचा भाता फुलवून पळालेला माणूस शेवटच्या सरळ पट्ट्यात आणखी वेग आणतो कुठून?

स्नायूंपाशी प्राणवायूची वाट न बघता खर्चता येणारी ताकद असते. आणि ती चक्क मोजता येते, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर!

ही रीत १९७०च्या दशकात इस्रायलच्या विंगेट संस्थेत घडली. चाकावरच्या पट्ट्याला साधारणपणे शरीराच्या वजनाच्या साडेसात टक्के भार लावायचा. ६० किलोच्या माणसाला साडेचार किलो. मग ३० सेकंद, हातचं काहीही न राखता, पॅडल मारायचं. ऐकायला किरकोळ वाटतं ना? मारून बघितलेल्याला विचारा.

या चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या मोनार्क सायकलवर पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाची कड ६ मीटर सरकते. पहिल्या पाच सेकंदांत ११ फेरे झाले, तर या ६० किलोच्या माणसाने सुमारे ५८० वॅट काढले. घरातले आठेक पंखे फिरतील एवढे, दोन पायांतून!

स्नायूंतला तयार एटीपी, म्हणजे पेशींचं थेट इंधन, दोन-तीन सेकंदांचाच. लगेच क्रिएटिन फॉस्फेट धावून येतं, तेही दहाएक सेकंदांत बरंचसं आटतं. तोवर ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतली साठवलेली साखर, प्राणवायूविना फुटू लागलेलं असतं. काम झपाट्याचं, पण उधळपट्टीचं. पाय भरून येतात, वॅट घसरत जातात. किती घसरले, यावरून थकव्याचा अंक निघतो. आणि गंमत म्हणजे, सायकलवरून उतरल्यावरही काही मिनिटं रक्तातलं लॅक्टेट चढतच राहतं!

मग बाई आणि पुरुष? नुसते वॅट पाहिले तर पुरुष सरासरीने बरेच पुढे. पण त्या आकड्याला चरबी वगळून उरलेल्या वजनाने भागा, आणि अंतर झरझर कमी होतं. म्हणजे फरकाचा मोठा वाटा स्नायू किती आहेत याचा. उलट पुरुषांची ताकद शिखरावरून जास्त वेगाने कोसळते, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

बीडच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना दोघांच्याही मांड्या प्राणवायूविनाची हीच ताकद खर्चतात. या बायकांच्या पायांत किती वॅट आहेत, हे मोजायला हवं. क्रीडाशिक्षकांनो, त्यांच्या लेकी मैदानावर आल्या, तर त्यांचा आकडा मुलांच्या आकड्याशेजारी ठेवण्याआधी दोन्ही आकडे चरबी वगळून उरलेल्या वजनाने जरूर भागा.