हलत्या चित्रासाठी भिंग निवडताना

एका गावातील शाळेने जात्यावरच्या ओव्या चित्रित करण्याचा उपक्रम हाती घेतला. गावात ऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या. त्यांना शेकडो ओव्या पाठ होत्या. गुरुजींनी एका मित्राचा चांगला कॅमेरा मागून आणला. आजी माजघरात जात्याशी बसल्या आणि तासभर गात राहिल्या. मुले खूश झाली. पण शाळेत येऊन चित्रण पाहिले, तेव्हा सर्वांचे चेहरे उतरले. आजींचा चेहरा क्षणात स्पष्ट दिसे, क्षणात पुसट होई. शिवाय मधूनमधून ‘कर्र-कर्र’ असा आवाज ऐकू येत होता. कॅमेरा बिघडला होता का? नाही. त्याच कॅमेऱ्याने त्याच दिवशी काढलेले आजींचे फोटो उत्तम आले होते!

विद्यार्थी मित्रांनो, मग चूक कोठे झाली? हे समजण्यासाठी तुम्ही शाळेत शिकलेले भिंगाचे सूत्र पुरेसे आहे.

भिंग किती सरकते?

बहिर्वक्र भिंगाने पडद्यावर प्रतिमा पाडण्याचा प्रयोग तुम्ही केला असेलच. वस्तू जवळ आणली की प्रतिमा भिंगापासून दूर जाते. कॅमेऱ्यात पडद्याच्या जागी प्रकाश टिपणारा संवेदक असतो. तो जागचा हलत नाही. म्हणून भिंगालाच पुढेमागे सरकावे लागते. आपला डोळा भिंगाची जाडी कमी-जास्त करून हे काम साधतो. मासा मात्र कॅमेऱ्याप्रमाणे डोळ्यातील भिंग सरकवतो.

आता हिशेब करू. भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर आहे आणि आजी २ मीटर अंतरावर बसल्या आहेत. सूत्रात आकडे घातले की प्रतिमेचे अंतर ५१.२८ मिलिमीटर येते. दळताना आजी पुढे झुकल्या आणि हे अंतर १.८ मीटर झाले, तर उत्तर येते ५१.४३ मिलिमीटर. म्हणजे भिंगाला फक्त ०.१५ मिलिमीटर सरकायचे आहे. पण जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला आजी पुढे झुकणार आणि मागे येणार. तेवढ्या वेळा भिंगानेही हा प्रवास अचूक केला पाहिजे.

फोटो काढताना भिंग एकदा सरकते, थांबते आणि मग फोटो निघतो. मधली धडपड कोणालाच दिसत नाही. चलचित्रात मात्र दर सेकंदाला २५ चित्रे घेतली जात असतील, तर भिंगाची प्रत्येक हालचाल त्यांत नोंदली जाते. फोटोत फक्त मुक्काम दिसतो. चलचित्रात सगळा प्रवास दिसतो. फोटोला उत्तम असलेले भिंग चलचित्राला गैरसोयीचे का ठरते, याचे मूळ येथे आहे.

कॅमेऱ्याला कळते कसे?

प्रतिमा स्पष्ट झाली की नाही, हे ओळखण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत कॅमेरा प्रतिमेतील काळ्या-पांढऱ्याचा भेद मोजतो. प्रतिमा जितकी स्पष्ट, तितका हा भेद जास्त. पण तो कमाल झाला हे कळण्यासाठी भिंगाला थोडे पुढे जाऊन परत मागे यावे लागते. जुन्या रेडिओचे बटण फिरवून स्टेशन लावताना आपणही असेच करत असू.

दुसरी रीत अधिक चतुर आहे. भिंगाच्या डाव्या भागातून आणि उजव्या भागातून आलेल्या किरणांच्या प्रतिमा वेगवेगळ्या तपासायच्या. फोकस बरोबर असेल तर त्या एकमेकींवर बसतात. नसेल तर त्यांत अंतर पडते. त्या अंतरावरून भिंग कोणत्या दिशेला आणि किती सरकवायचे हे एकदम कळते. चाचपडावे लागत नाही.

हे तुम्हांला घरीही पाहता येईल. वाचायचे भिंग घ्या. त्याच्या आकाराच्या पुठ्ठ्याला सुमारे २ सेंटिमीटर अंतरावर शेजारी शेजारी दोन लहान भोके पाडा आणि पुठ्ठा भिंगाला चिकटवा. खोलीत अंधार करून दीड मीटरवर मेणबत्ती ठेवा आणि तिची प्रतिमा कागदावर पाडा. (मेणबत्ती लावताना घरातील मोठे माणूस जवळ असू द्या.) कागद बरोबर जागी असेल तर एकच ज्योत दिसेल. तो भिंगाच्या जवळ किंवा लांब नेला, की दोन ज्योती दिसतील! आता भिंगामागे उभे राहून कागदाकडे पाहत डावे भोक बोटाने झाका. डावी ज्योत नाहीशी झाली तर कागद भिंगाच्या फार जवळ आहे; उजवी नाहीशी झाली तर तो फार लांब आहे. सतराव्या शतकात क्रिस्टोफ शायनर या शास्त्रज्ञाने डोळ्याचा अभ्यास करताना असाच दोन भोकांचा प्रयोग वर्णिला होता. तेच तत्त्व आज कॅमेऱ्यात वापरले जाते.

२००८ साली निकॉनचा डी ९० हा चलचित्र घेणारा पहिला डिजिटल एसएलआर कॅमेरा निघाला, पण चित्रण चालू असताना त्याला आपोआप फोकस करता येत नव्हते. २०१३ साली कॅननच्या ७०डी या कॅमेऱ्यात संवेदकाच्या प्रत्येक चित्रबिंदूचे दोन भाग केलेले होते. अशा रीतीने डावी-उजवी तुलना खुद्द संवेदकावरच होऊ लागली.

मोटारीत मोटार कोणती?

कॅमेऱ्याला कळले, तरी भिंग सरकवणार कोण? त्यासाठी छोटी मोटार लागते. १९८५ साली आलेल्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यात मोटार कॅमेऱ्याच्या आत होती आणि ती एका दांड्याने भिंगाला फिरवी. १९८७ साली कॅननने आपल्या ईओएस मालिकेत मोटार भिंगातच बसवली. अशा मोटारींचे चार प्रकार लक्षात ठेवा.

पहिला प्रकार दातेरी चाकांच्या साध्या मोटारीचा. ती स्वस्त असते, पण आवाज करते आणि हिसके देते. गुरुजींनी आणलेल्या भिंगात हीच होती.

दुसरा प्रकार श्राव्यातीत मोटारीचा. काही स्फटिकांना विद्युतदाब दिला की त्यांचा आकार किंचित बदलतो. दाबाने वीज निर्माण होण्याचा याच्या उलट परिणाम १८८० साली क्यूरी बंधूंनी शोधला होता. असे पदार्थ सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त वेळा कंप पावतात आणि त्या कंपनांनी कडे फिरते. ही मोटार अतिशय चपळ असते. पण तिचे जुने नमुने झटक्यात पोचण्यासाठी केलेले आहेत. फोटोला छान, चलचित्रात मात्र तो झटका डोळ्यांना खुपतो.

तिसरा प्रकार पायरी-मोटारीचा. ती विजेच्या एकेका स्पंदाबरोबर एकेक लहान पायरी फिरते, म्हणून भिंग संथ आणि नेमके सरकते. २०१२ पासून कॅननने अशी भिंगे आणली, ती चलचित्रण डोळ्यांपुढे ठेवूनच.

चौथा प्रकार सरळ रेषेत ढकलणाऱ्या मोटारीचा. ध्वनिक्षेपकात चुंबक आणि वेटोळे पडद्याला हलवतात, तसे येथे ते भिंगाला हलवतात. चाके नाहीत, म्हणून आवाजही जवळजवळ नाही.

आवाजाला एवढे महत्त्व का? कॅमेऱ्याचा ध्वनिग्राहक भिंगापासून १० सेंटिमीटरवर आहे आणि आजी २०० सेंटिमीटरवर, असे धरा. अंतर २० पट, म्हणून व्यस्त वर्गाच्या नियमाने आजींचा आवाज पोचेपर्यंत त्याची तीव्रता ४०० पट कमी झालेली असते! मोटारीची कुरकुर कितीही बारीक असली, तरी ती ध्वनिग्राहकाच्या कानाशीच चाललेली असते.

आणखी तीन गोष्टी

सरकणारा भाग हलका हवा. न्यूटनचा दुसरा नियम आठवा: वस्तुमान कमी, तर तेवढ्याच बलाने त्वरण जास्त. म्हणून चांगल्या चलचित्र-भिंगात पुढची जड काच न हलता आतील एखादीच हलकी काच सरकते.

फोकस बदलताना चित्राचा आकार बदलू नये. आपले साधे ५० मिलिमीटरचे भिंग ५ मीटरवरून अर्ध्या मीटरवर फोकस केले, तर प्रतिमेचे अंतर ५०.५ वरून ५५.६ मिलिमीटर होते. म्हणजे चित्र सुमारे १० टक्के मोठे होते आणि प्रेक्षकाला कॅमेरा पुढे सरकल्यासारखे वाटते. काही भिंगांच्या रचनेत हा दोष पुष्कळ कमी केलेला असतो.

झरोक्याचाही विचार करा. २ मीटरवर एफ १.८ इतका मोठा झरोका उघडला, तर ३६ × २४ मिलिमीटरच्या संवेदकावर जेमतेम १७ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट दिसतो. एफ ८ वर हाच पट्टा सुमारे ८० सेंटिमीटर होतो. मात्र प्रकाश जवळजवळ २० पट कमी मिळतो.

हा शेवटचा आकडा नीट पाहा. आजी वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरच्या आसपास, पुढेमागे होत होत्या. माजघरात अंधार, म्हणून गुरुजींनी झरोका पूर्ण उघडला होता. आजींचा चेहरा १७ सेंटिमीटरच्या पट्ट्यातून सारखा बाहेर पडत होता आणि बिचारी मोटार त्याच्यामागे धावत होती. जाते ओसरीच्या उजेडात मांडून झरोका लहान केला असता, तर फोकस एकदा लावून मोटार बंदच ठेवता आली असती! पायरी-मोटारीचे भिंग त्या मुलांना खरोखर लागले असते ते चालत्या माणसासाठी, धावत्या बैलगाडीसाठी किंवा नाचणाऱ्या मुलींसाठी.

पुढच्या महिन्यात मुले पुन्हा गेली. जाते ओसरीवर आले, चित्रण स्वच्छ झाले. पण पहिल्या दिवशी आठवलेल्या काही ओव्या आजींना पुन्हा आठवल्या नाहीत. त्या आता फक्त पुसट चित्रणात, मोटारीच्या कुरकुरीसह आहेत. गुरुजींनी ते चित्रण जपून ठेवले आहे.

तुम्हीही असे काही चित्रित करणार असाल, तर आदल्या दिवशी पाच मिनिटे काढा. मित्राला कॅमेऱ्याकडे चालत येऊन परत जायला सांगा. चित्र पाहा, आणि मग डोळे मिटून नुसता आवाज ऐका. भिंग योग्य आहे की नाही, हे दुकानदारापेक्षा ती चाचणी तुम्हांला अधिक चांगले सांगेल.