दृष्टिमांद्य, प्रौढांतील
दृष्टिमांद्य, प्रौढांतील : डोळ्याची रचना तपासणीत निर्दोष आढळत असूनही आणि योग्य चष्मा लावूनही एका (क्वचित दोन्ही) डोळ्यांनी अंधुक दिसणे, या विकारास दृष्टिमांद्य म्हणतात. व्यवहारात त्याला ‘आळशी डोळा’ म्हटले जाते. हे नाव दिशाभूल करणारे आहे. कारण डोळा आळशी नसतो, तर त्याच्याकडून येणारे संदेश बालपणी मेंदूच्या दृष्टिकेंद्रात दुर्लक्षिले गेलेले असतात. लोकसंख्येत हा विकार सु. शेकडा १ ते ३ इतका आढळतो.

दोन डोळ्यांच्या नंबरांतील मोठा फरक, तिरळेपणा आणि जन्मजात मोतीबिंदू वा झुकलेली पापणी ही त्याची प्रमुख कारणे होत. यांपैकी पहिल्या प्रकारात बाह्य लक्षण काहीच नसते. चांगल्या डोळ्यावर सर्व व्यवहार चालत असल्याने दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व मराठवाड्याच्या ग्रामीण भागातून पोलीस, सैन्य वा रेल्वे भरतीसाठी येणाऱ्या एखाद्या तरुणाला वैद्यकीय तपासणीत एक डोळा झाकून तक्ता वाचावा लागतो, तेव्हाच तो प्रथम कळतो. नोकरी तर हुकतेच. शिवाय दुसरा डोळा निर्दोष असल्यास दिव्यांगत्व शेकडा ४० या किमान मर्यादेपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे आरक्षणाचा लाभही मिळत नाही. ‘आता वय उलटले’ हे उत्तर अशा रुग्णास सर्रास मिळते. ते अर्धसत्य आहे.

डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन व्हीसेल यांनी १९६० नंतरच्या दशकात मांजरीच्या पिलांची एक पापणी शिवून असे दाखविले की, सुरुवातीच्या काळात बंद राहिलेल्या डोळ्याची मेंदूतील जागा दुसरा डोळा बळकावतो (१९८१ च्या नोबेल पारितोषिकात या कार्याचा वाटा आहे). त्यावरून उपचारांची मुदत सातआठ वर्षांपर्यंतच, असा समज रूढ झाला. परंतु चांगला डोळा अपघाताने गेल्यावर काही प्रौढांच्या मंद डोळ्याची दृष्टी सुधारल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे मेंदूची लवचिकता घटते, नाहीशी होत नाही.

उपचार : प्रथम दृष्टिपटल व दृष्टितंत्रिका यांचे विकार वगळावे लागतात, प्रौढपणी नव्याने कमी झालेली दृष्टी ही दृष्टिमांद्य नव्हे. त्यानंतरची पहिली पायरी म्हणजे अचूक चष्मा. नंबरांत मोठा फरक असल्यास दोन प्रतिमांचे आकार असमान होतात, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स अधिक सोयीची. केवळ चष्म्यानेही काही आठवड्यांत थोडी सुधारणा होऊ शकते. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचा लाभ वयानुसार घटतो. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १३ ते १७ वर्षे वयाच्या, पूर्वी उपचार न झालेल्या मुलांपैकी चष्मा व पट्टी यांनी शेकडा ४७, तर केवळ चष्म्याने शेकडा २० मुलांत सुधारणा दिसली. प्रौढांबाबत इतका सबळ पुरावा नाही. त्यांच्यात, विशेषतः तिरळेपणा असल्यास, एकाच्या दोन वस्तू दिसू लागण्याचा धोका असतो. म्हणून पट्टी स्वतःहून बांधू नये.

इझ्राएलमधील यूरी पोलाट व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये संगणकाच्या पडद्यावरील फिकट पट्ट्या ओळखण्याच्या सरावाने प्रौढांची दृष्टी सुधारल्याचे दाखविले. दोन्ही डोळ्यांना निरनिराळी चित्रे दाखविणारे खेळही पुढे आले. पण २०१८ मधील एका नियंत्रित चाचणीत असा खेळ लुटुपुटीच्या खेळाहून सरस ठरला नाही. लेव्होडोपासारख्या औषधांचा लाभही सिद्ध झालेला नाही. तेव्हा खात्रीची हमी देणाऱ्या महागड्या उपचारक्रमांपासून सावध राहणे बरे. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेने डोळे सरळ दिसतात, काहींचे दृष्टिक्षेत्र व आत्मविश्वासही वाढतो. मंद डोळ्याची तीक्ष्णता मात्र सहसा वाढत नाही. लेसरने नंबर घालविल्यासही हेच खरे.

चांगल्या डोळ्याचे संरक्षण हा उपचाराचाच भाग होय, आणि तोच बहुधा राहून जातो. वाळूज किंवा चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतीत घासकामाच्या यंत्रावर उडणारा धातूचा कण किंवा शेतात लागलेले उसाचे पाते एवढे निमित्तही अशा व्यक्तीस अंधत्वाकडे नेऊ शकते. त्यामुळे नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा कामावर सतत वापरावा. मधुमेह असल्यास दृष्टिपटलाची व चाळिशीनंतर काचबिंदूची तपासणी नियमित करावी. नंबरांचा फरक व तिरळेपणा यांत आनुवंशिकतेचा भाग असल्याने रुग्णाच्या मुलांचे डोळे तीनचार वर्षांच्या आत, एकेक झाकून, तपासून घ्यावेत.